दोन म्हणायच्या आधी

वेळू अंधाऱ्या पाखात तोडावा.
उजेडाच्या पाखात तो गोड असतो,
किडा आतून पीठ पाडतो त्याचं,
आणि ऐन वाराच्या वेळी
हातात उरतो नुसता आवाज.

हे सांगितलं झिटू वस्तादानं,
नाल्याच्या चिखलात काठ्या पुरताना.
मी विचारलं, शिकवणार कधी?
तो म्हणाला, "हे काय चालू हाय मंग?"

तीन आठवडे चिखल.
मग चुलीवर आढ्याला टांगून धूर.
मग जवसाचं तेल, फडक्यानं, रोज रात्री,
इतकं की पांघरुणालाही वास यायचा.
लग्नानंतर बायको पहिल्यांदा बोलली
ते त्या वासाबद्दलच. काय बोलली, सांगत नाही.

तेहतीस वर्षं झाली
शाळेमागच्या या पटांगणात.
मोजले तर पोट्टे चारशेच्या वर.
टिकले किती, ते विचारू नका.
धानकापणी आली की अर्धे जातात,
मोहफुलांच्या दिवसांत पहाट रिकामी,
भरतीची जाहिरात निघाली की सगळे परत,
"वस्ताद, पंधरा दिवसांत जमन का?"
जमन ना. हाताला फोड यायला तेवढे पुरतात.

लोकेश नन्नावरे होता.
त्याच्या हातात बनेटी फिरली
की दोन टोकांचे जाळ जुळून एक गोल व्हायचा.
शारदेच्या मिरवणुकीत बाया ओट्यांवर चढून पाहायच्या.
एका महिन्यात शिकला, दुसऱ्यात कंटाळला.
आता बल्लारशाला मोबाइल दुरुस्त करतो,
भेटला की पाया पडतो,
माझ्याकडून पैसे घेत नाही.
वाईट काही झालं नाही त्याचं.
हेही सांगून ठेवतो, कारण आम्ही वस्ताद लोक
सोडून गेलेल्यांचं वाटोळंच सांगत बसतो.

आणि पपिता दडमल.
मनगट असं, जणू उखळातलं मुसळ.
तिला मी म्हणालो, पोरी, तू पानी भरत जा.
ती दोन वर्षं पाणी भरत राहिली.
माठ ठेवायची, बेहड्याखाली उभी राहायची,
रिकामा हात फिरवत.
मी पाहत नाही असं दाखवायचो.
तिसऱ्या वर्षी एका पोराला गोवर झाला,
त्याच्या जागी ती उभी राहिली.
तिनं विचारलं नाही, मी हाकललं नाही.
पुढची नऊ वर्षं ती चुकत होती,
दर वर्षी वेगळं.

मागच्या पौषात तोंड धुताना
डावा हात तांब्यापर्यंत गेलाच नाही.
ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात वीस दिवस.
डॉक्टर म्हणाला, हलवत राहा.
हलवत राहा! चारशे पोरांना हेच ओरडून सांगितलं मी,
आणि ठाऊक नव्हतं
की हलणं खांद्याच्या किती आधी सुरू होतं.

आता पहाटे पपिता पटांगण झाडते,
माझ्या डाव्या मुठीत काठी ठेवते,
बोटं एकेक करून मिटवते.
"एक," म्हणते.
काठी उचलत नाही.
समोर सात पोट्टे पवित्र्यात,
मांड्या थरथरताहेत.
एखादा हसतो. तिनं पाहिलं की थांबतो.

मी असतो तर एव्हाना दहावर गेलो असतो.
माझी मोजणी पुढे धावायची,
पोरांनी तिला गाठायचं.
तिची थांबते.
बांधीत पाणी किती चढलं ते पाहावं
तशी ती काठीच्या टोकाकडे पाहते.

काल टोक भुईवरून सुटलं.
बोटभर. कदाचित तेवढंही नाही.
"मनगट ढिलं ठेव," मी म्हणालो तिला, सवयीनं.
"आपलं पाहा, वस्ताद," ती म्हणाली.
आणि दोन म्हणायच्या आधी
इतका वेळ थांबली
की बेहड्यावर पोपट आले,
भांडले, उडून गेले,
आणि मागच्या रांगेतल्या एकानं
हळूच पाय बदलला.

ते मात्र मी पाहिलं.